ढब्बूची शाई : दासोपंतांच्या नित्यलेखनाविषयीं

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरें गांवाहून नाणेघाट चढून गेलें म्हणजे माथ्यावरील लेण्यांत सातवाहनकालीन लेख लागतो. यज्ञ केले, दक्षिणा दिली, ती किती, हें त्यांत आंकड्यांनिशीं कोरलेलें आहे. दानाचा हिशेब असा दगडावर राहिला. ग्रंथकारानें रोज किती लिहिलें याचा हिशेब मात्र क्वचितच सांपडतो.

आंबेजोगाईच्या दासोपंतांस लेखनासाठीं रोज एका ढब्बूची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या सवालाख सांगतात. हा आंकडा कित्येकांस अतिशयोक्तीचा वाटतो. परंतु गणित करून पाहावें. रोज ५० ओव्या धरल्यास २५०० दिवस, म्हणजे सुमारें ७ वर्षें लागतात. रोज १० च धरल्यास १२५०० दिवस, म्हणजे सुमारें ३४ वर्षें. पंतांचा जन्म १५५१ सालचा व निर्याण १६१५ च्या सुमाराचें. तेव्हां दोन्ही मानें त्यांच्या आयुष्यांत बसतात. अर्थात् गणितानें शक्यता ठरते, घटना सिद्ध होत नाहीं. तथापि आख्यायिकेनें माप दिलें तें प्रतिभेचें नव्हे, नित्यनेमाचें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

गीतेवरीलच दुसरा ग्रंथ घ्या. लोकमान्य टिळकांनीं गीतारहस्याचा खर्डा मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत सुमारें पांच महिन्यांत पेन्सिलीनें लिहिला. ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. येथें लेखनकाल ठाऊक असल्यामुळें वेगाविषयीं वाद उरत नाहीं.

जुन्या ग्रंथांच्या बाबतींत हा पुरावा पोथींतच शोधला पाहिजे. शाई कोठें गडद, कोठें फिकी होते. बोरूचें टोक कोठें नवें दिसतें. अक्षर कोठें आंखडतें किंवा सैल पडतें. अशा जागा ठराविक अंतरानें येत असल्यास तेथें एक बैठक संपली असा तर्क करितां येईल. मात्र पोथी ग्रंथकाराच्या हातची असेल तरच हा तर्क त्यास लागू. नकलेंत दिसतो तो नक्कलकाराचा दिवस.

ठाण्यास १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, व तेथीलच विनायक लक्ष्मण भावे यांनीं १९०३ पासून ‘महाराष्ट्र कवि’ मासिकांत जुनी कविता छापण्यास आरंभ केला. त्या उद्योगानें पुष्कळ कविता वांचली. पण छापलेल्या पानांत ओवी उतरते, शाई उतरत नाहीं. म्हणून संग्राहकांनीं पोथीची नोंद करितांना पत्रसंख्या व लेखनशक यांबरोबरच शाई व बोरू यांचे पालटही पत्रवार टिपावे, आणि छापील प्रत निघाली म्हणून मूळ पोथी अडगळींत टाकूं नये.