तापीकाठची परदेशी कोळंबी



सुरतेचा इतिहास हा पुष्कळ अंशी समुद्रमार्गे आलेल्या माणसांचा आणि मालाचा इतिहास आहे. १६१३ साली इंग्रजांनी येथे वखार घातली. त्यांची जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवालीच्या किनाऱ्यावर नांगर टाकीत. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी या शहरावर स्वाऱ्या केल्या, त्या येथील संपत्तीमुळेच. हे सर्व आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु आपल्याच काळात याच किनाऱ्यावर आणखी एक परदेशी पाहुणा उतरला. तो पाहुणा म्हणजे पांढरी कोळंबी. शास्त्रात तिला 'वनामी' म्हणतात.

ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांतील खाऱ्या जमिनीवर आज जे 'झिंगा तलाव' दिसतात, त्यांत पूर्वी टायगर कोळंबी वाढवीत. ही कोळंबी आपल्याच सागराची. तिच्या माद्या समुद्रातून पकडून आणीत व हॅचरीत त्यांच्यापासून बीज काढीत. १९९४ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग भारतात पसरला आणि तळी ओस पडू लागली. समुद्रातील माद्यांबरोबर रोगही हॅचरीत येई. तेव्हा रोगमुक्त मातेचा शोध सुरू झाला.

वनामी मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची. मेक्सिको, इक्वेडोर यांसारख्या देशांतून आणलेल्या कोळंब्यांपासून हवाई बेटांवरील शास्त्रज्ञांनी विशिष्ट रोगांपासून मुक्त अशी पैदास तयार केली. २००३ साली भारतात तिच्या चाचण्यांना परवानगी मिळाली आणि २००९ साली किनारी जलचर संवर्धन प्राधिकरणाने ती व्यापारी तत्त्वावर खुली केली. परदेशातून येणाऱ्या प्रजनकांना चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून जावे लागते. त्यानंतरच ते हॅचरीत पोहोचतात. पुढील काही वर्षांतच देशातील बहुतेक तळ्यांतून टायगर मागे पडली आणि वनामी आली.

या यशाची दुसरी बाजू समजण्यासाठी थोडे जीवशास्त्र पाहू. एका वनामी मादीपासून एका वेळी लाखाच्या घरात अंडी मिळतात. म्हणजे थोड्या माद्यांवर कितीतरी तळी भरतात. अशा स्थितीत तळ्यात कोळंब्या कोट्यवधी असल्या तरी त्यांचे पूर्वज मोजकेच असतात. मोजक्या पूर्वजांकडे मूळ समूहातील सर्व जनुकरूपे असत नाहीत. जी मागे राहिली, ती पुढच्या पिढ्यांना कधीच मिळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली की हे भांडार आणखी आटते. अनेक पाहण्यांत असे दिसले आहे की, संवर्धित वनामीची जनुकीय विविधता समुद्रातील मूळ समूहाहून कमी आहे.

आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य मानीत. कोळंबीला ते बंधन कोण घालणार? आयात केलेल्या प्रजनकांची किंमत मोठी, म्हणून तळ्यातच वाढलेल्या कोळंब्यांना माता-पिता करून स्वस्त बीज काढण्याचा मोह होतो. परंतु त्या कोळंब्या बहुधा एकमेकांच्या जवळच्या नात्यातल्या असतात. जनुकशास्त्रज्ञ रॉजर डॉइल यांनी २०१६ साली इशारा दिला की, अशा सगोत्र प्रजननामुळे रोगाचा प्रादुर्भाव वाढू शकतो. निरोगी पाण्यात ही दुर्बलता दिसत नाही, रोग आला की उघड होते. आणि 'रोगमुक्त' म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे, हे शेतकऱ्याला तेव्हाच कळते.

इतिहासात याचा एक भयंकर दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडचा गरीब शेतकरी मुख्यतः एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होता. बटाटा कंदापासून लावतात, म्हणून प्रत्येक रोप आधीच्या रोपाची हुबेहूब नक्कल. १८४५ साली करपा आला, आणि त्यापुढील दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. तेथे चूक बटाट्याची नव्हती. दक्षिण अमेरिकेतील बटाट्याच्या असंख्य जातींपैकी फारच थोड्या युरोपात पोहोचल्या होत्या.

वनामीही अशीच मोजक्या रूपांत आली. तथापि अजून उपाय हाती आहे. २०२२ साली भारतीय पांढऱ्या कोळंबीच्या जनुकीय सुधारणेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. ही आपल्या सागराची जात असल्याने तिचे मूळ भांडार जवळच आहे. ते सुरुवातीपासूनच रुंद ठेवणे शक्य आहे. वनामीबाबत मात्र बीजाची वंशावळ विचारणे, नोंदणीकृत हॅचरीतूनच बीज घेणे आणि निरनिराळ्या कुळांचे प्रजनक आणणे, एवढे तरी व्हावे.

मित्रहो, वखारीचे व्यापारी आलेल्या मालाच्या गाठोड्यांची नोंद वहीत ठेवीत. आज तळ्यात उतरणाऱ्या प्रत्येक बीजाची नोंद तितक्याच काळजीने ठेवली जावी. आपल्यापैकी अनेकांची घरे त्या तळ्यांवर चालतात.