मापाचा कपडा

संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या मैदानावरून जा, पांढऱ्या कपड्यांतली पोरं ओळीनं उभी दिसतात. कमरेला पट्टा, मुठी आवळलेल्या. कराटेचा वर्ग चालू असतो. हा पोशाख फार पुरातन, कुणा साधूंनी डोंगरातल्या मठात घालायला सुरुवात केलेला असावा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात कराटेच्या अंगावर तो चढून शंभर वर्षांहून थोडाच अधिक काळ झाला आहे. आणि मुळात तो कराटेचा नव्हेच. ज्युदोकडून उसना घेतलेला कपडा आहे तो.

कराटेचं माहेर ओकिनावा. जपानच्या दक्षिणेला समुद्रात पसरलेल्या बेटांपैकी हे मोठं बेट. तिथं र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. राजा वेगळा, बोली वेगळी, चीनशी जुनी देवघेव. डलहौसीनं आपल्याकडे सातारा खालसा केलं, तसं 1879 मध्ये जपाननं हे राज्य खालसा केलं आणि त्याचा एक जिल्हा करून टाकला. इथली मंडळी हाताची ही विद्या शिकत ती रात्री, गुरूच्या अंगणात, फारसा गाजावाजा न करता. हवा उष्ण आणि दमट. अंगात रोजचेच कपडे, नाहीतर वरचं अंग उघडं आणि कमरेला लंगोटासारखं वस्त्र. गणवेश वगैरे काही नव्हता. लपून शिकायच्या विद्येला गणवेश कशाला लागतो?

गिचिन फुनाकोशी या बेटावर 1868 मध्ये जन्मले. पेशानं शाळामास्तर. मास्तर होण्यासाठी त्यांना 1888 मध्ये डोक्यावरची शेंडीची गाठ कापावी लागली. त्या गाठीला तिथल्या खानदानी घरांत फार मान होता आणि नव्या जपानी सरकारला ती नको होती. गाठ कापून मुलगा घरी आला तेव्हा बाप संतापला आणि आई मागच्या दारानं निघून सरळ माहेरी गेली. हे फुनाकोशींनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे. मी तो मजकूर वाचला तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. केस तेवढेच कापले गेले होते, पण घरातल्या माणसांना काय कापलं गेलं ते बरोबर कळलं होतं.

मे 1922 मध्ये तोक्योला शिक्षण खात्यानं व्यायामाचं एक प्रदर्शन भरवलं. ओकिनावाची विद्या दाखवायला फुनाकोशी गेले. वय त्रेपन्न, म्हणजे आज माझं आहे त्याच्या आसपासचं. पाठोपाठ ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचं बोलावणं आलं की आमच्या कोदोकानमध्ये येऊन प्रात्यक्षिक दाखवा. कानो मोठा माणूस. 1882 मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात त्यांनी ज्युदोची शाळा काढली होती आणि 1909 पासून ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर होते. अशा माणसासमोर उघड्या अंगानं कसं उभं राहायचं? कराटेच्या मंडळींत अशी हकिकत सांगतात, की फुनाकोशींनी बाजारातून पांढरं सुती कापड आणलं आणि ज्युदोच्या पोशाखाकडे बघून स्वतःच्या हातानं सदरे शिवले. एक स्वतःसाठी, एक सोबतच्या शिन्किन गिमा या विद्यार्थ्यासाठी. गिमांना ज्युदोही येत असे.

ज्युदोचा सदरा जाड आणि दणकट, कारण तिथं गळपट्टी धरून माणूस आपटायचा असतो. सुरुवातीला त्याच्या बाह्या आणि विजार आखूड असत. कोपरं-गुडघे सोलवटू लागले तेव्हा 1907 च्या सुमारास दोन्हींची लांबी वाढली. कराटेत धरपकड कमी, ठोसा आणि लाथ जास्त. म्हणून कापड हलकं घेतलं, कापणी तीच ठेवली.

पट्टाही कानोंचाच. हुजऱ्या-मानकऱ्यांसारखी शिष्यांची पायरी ठरवायची पद्धत त्यांनी 1883 मध्ये सुरू केली, ती ‘गो’ या पटावरच्या खेळाकडून घेऊन. काळा पट्टा त्यानंतरचा. फुनाकोशींनी 1924 मध्ये आपल्या पहिल्या शिष्यांना काळे पट्टे दिले. पांढरा पट्टा वर्षानुवर्षं घामानं मळून काळा होतो, अशी एक गोष्ट वर्गावर्गांतून सांगितली जाते. गोष्ट छान आहे. खरी नाही.

फुनाकोशी काही दिवसांसाठी गेले होते, ते तोक्योतच राहिले. बायको मागे ओकिनावात. पोट भरायला ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात त्यांनी रखवालदारी केली, बागेला पाणी घातलं, खोल्या झाडल्या. एकदा पैशांची फारच ओढाताण झाली तेव्हा जुनी हॅट आणि ओकिनावाचा हातमागावरचा किमोनो गाठोड्यात बांधून गहाणवटीच्या दुकानात नेला. दुकानातल्या कारकुनानं मालाच्या किमतीहून जास्त पैसे हातावर ठेवले. त्याचा धाकटा भाऊ फुनाकोशींकडे कराटे शिकत होता, हे मागाहून कळलं. आपल्या गावचा कपडा गहाण आणि अंगावर तोक्योच्या चालीचा सदरा! एखाद्या कादंबरीकारानं हा प्रसंग रचला असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जमवून आणलंय.

पुढे नावही बदललं. ‘करा’ या उच्चाराचं जुनं अक्षर चीनचं, तांग राजवटीचं होतं. त्याजागी ‘रिकामा’ या अर्थाचं अक्षर आलं. उच्चार तोच, अर्थ निराळा, ‘चिनी हात’चा झाला ‘रिकामा हात’. 1936 मध्ये ओकिनावातल्या नाहा शहरी जाणत्या गुरूंनी बसून त्यावर मान डोलावली. जपानचं चीनशी वितुष्ट वाढत होतं, तेव्हा या बदलात नुसतं तत्त्वज्ञान होतं असं मला वाटत नाही. एक गोष्ट मात्र बदलली नाही. फुनाकोशी कविता लिहीत. आम्ही गझलवाले तखल्लुस घेतो, तसं त्यांनी ‘शोतो’ हे नाव घेतलं होतं. शोतो म्हणजे पाइनच्या झाडांतून वाऱ्याची येणारी लाट. ती झाडं त्यांच्या गावची, शुरीची. शिष्यांनी शाळा बांधली तेव्हा तिला ‘शोतोकान’, शोतोचं घर, असं नाव दिलं. आपल्या मैदानावरची कितीतरी पोरं त्याच परंपरेत शिकतात. एका कवीच्या टोपणनावाखाली ती लाथा मारतात, हे त्यांना कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी हा पोशाख घ्यायला आम्ही बाजारात गेलो. दुकानदार बहिणीला म्हणाला, “ताई, दोन नंबर मोठा घ्या. वाढत्या अंगाची पोर आहे.” बहिणीनं लगेच मान हलवली. आपल्याकडे शाळेचा गणवेश असाच घेतात, पहिल्या वर्षी मुलगा कपड्यात शोधावा लागतो आणि तिसऱ्या वर्षी कपडा मुलात. कराटेत हे चालत नाही. लांब विजारीत पाय अडकतो, लोंबत्या बाहीत समोरच्याची बोटं गुंततात. बाह्या दुमडायला स्पर्धेत मनाईच आहे. जागतिक महासंघाचे नियम वाचले तर एखाद्या जुन्या शिंप्यानं लिहिल्यासारखे वाटतात. बाही मनगटाच्या पुढे नको, कोपर ते मनगट यांच्या मध्याहून वरही नको. विजारीनं नडगीचा दोन तृतीयांश भाग तरी झाकावा, पण घोट्याखाली उतरू नये. पट्टा आवळल्यावर सदरा कुल्ल्यांवरून खाली यावा, मांडीच्या पाऊण भागाखाली जाऊ नये.

आरशासमोर ताठ उभं राहून हे माप कळत नाही. गुडघा छातीपर्यंत उचलावा, पाय फाकून खाली बसावं, दोन्ही हात वर ताणावेत. मांडीला कापड अडलं किंवा काखेत ओढ बसली की तो नंबर परत करावा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेवढी बोटभर सूट धरावी. नंबर बहुधा उंचीवर असतात. जपानी मापात तीन नंबर म्हणजे 160 सेंटिमीटर, पुढे दर नंबराला दहा सेंटिमीटर वाढ. कापडाचं वजन औंसांत सांगतात. नवख्या मुलाला आठ औंसांचं पुरतं. बारा-चौदा औंसांचं कडक कापड घामानं अंगाला चिकटत नाही आणि ठोशाबरोबर त्याचा फट्‌ असा आवाज येतो. मुंबईच्या मे महिन्यात ते घालणाऱ्याला मात्र माझा सलाम. हा आवाज कपड्यावर मुद्दाम थाप मारून काढला, तर परीक्षक तो दोष धरतात.

सदऱ्याची डावी बाजू वर येते, बाई असो की पुरुष. उजवी बाजू वर घ्यायची ती जपानात प्रेताला कपडा घालताना. आपल्याकडे मोगल काळात अंगरखा कुठल्या काखेखाली बांधला यावरून हिंदू की मुसलमान ते ओळखत. हिंदू डावीकडे, मुसलमान उजवीकडे. जुनी लघुचित्रं पाहताना अभ्यासक आजही ती गाठ शोधतात. कराटेच्या रांगेत ती सोय नाही, सगळ्यांची घडी एकाच बाजूची. 2013 पासून स्पर्धेत मुलींना डोक्याला साधा काळा रुमाल बांधायची मुभा मिळाली, तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. तोक्योचं ऑलिम्पिक 2021 मध्ये झालं, कराटे त्यात पहिल्यांदाच होतं. तिथं इजिप्तच्या फरयाल अब्देलअझीझनं असाच रुमाल बांधून सुवर्णपदक घेतलं.

त्याच सभागृहात पुरुषांच्या ‘काता’ प्रकारात र्‍यो कियुना पहिला आला. तो ओकिनावाचा. त्या बेटाच्या वाट्याला आलेलं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पदक घ्यायला तो वर चढला तेव्हा त्याच्या हातात आईचा फोटो होता. ती 2019 मध्ये वारली होती.