परकीय साहाय्य आणि गदर चळवळ : १९१५ मधील एक जर-तर

भारतीय स्वातंत्र्यलढ्यास परकीय सत्तेचे साहाय्य वेळीच मिळाले असते तर काय झाले असते, या प्रश्नाच्या चर्चेत बहुधा आझाद हिंद सेनेचा दाखला दिला जातो. तथापि या प्रश्नाची पहिली कसोटी १९१५ मध्येच लागली होती. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे दोघे शिक्षणासाठी अमेरिकेत गेले व गदर चळवळीत सामील झाले. त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या इतिहासाशीही निगडित आहे.

महायुद्ध सुरू होताच जर्मनीने अमेरिकेत शस्त्रखरेदीसाठी पैसा पुरविला. हजारो रायफली घेऊन ‘अॅनी लार्सन’ हे जहाज मार्च १९१५ मध्ये सॅन डिएगोहून निघाले. मेक्सिकोनजीकच्या सोकोरो बेटावर तो माल ‘मॅव्हरिक’ या जहाजावर चढवावयाचा होता. परंतु त्यास विलंब झाला. पाणी संपल्याने पहिले जहाज परतले आणि जूनअखेर अमेरिकी अधिकाऱ्यांनी माल जप्त केला.

येथे तारखांचा क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. पंजाबमधील उठाव २१ फेब्रुवारीस व्हावयाचा होता; फितुरीच्या संशयाने तो १९ तारखेवर आणला गेला व तरीही फुटला. म्हणजे जहाज निघाले तेव्हा उठाव फसलेला होता. शिवाय छावणीतील सैनिकांजवळ बंदुका होत्याच. उणीव होती ती गुप्ततेची. पिंगळे मेरठच्या छावणीतच बॉम्बसह पकडले गेले. बंगालची गोष्ट निराळी. तेथे जतींद्रनाथ मुखर्जी खरोखरच शस्त्रांची वाट पाहत होते; ती मिळती तर सप्टेंबरमधील बालासोरची झुंज इतक्या लवकर आटोपली नसती, असे मानण्यास जागा आहे. मात्र ब्रिटिश फौज हिंदुस्थानात अडकून पडावी, एवढ्यापुरतेच जर्मनीचे स्वारस्य होते. अशा मदतीवर दीर्घ लढा उभा राहिला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

न पोहोचलेल्या या मदतीचा एक परिणाम मात्र झाला. गदर उठाव आणि युद्धकाळाचे कारण दाखवून सरकारने मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा केला. त्याखालील विशेष न्यायाधिकरणाने पिंगळे यांस शिक्षा ठोठावली व १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत ते फाशी गेले. पुढे रौलट समितीने आपल्या १९१८ च्या अहवालात जर्मन कटांचा सविस्तर परामर्श घेतला आणि युद्धकालीन अधिकार शांततेतही चालू ठेवणारा रौलट कायदा मार्च १९१९ मध्ये संमत झाला. त्याच कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाने गांधीजींचे नेतृत्व प्रथमच देशभर पोहोचले.