पंखा का फिरेना?

2009 सालच्या जानेवारीतील गोष्ट. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात संशोधनासाठी राहत असताना आम्ही दोघा मित्रांनी मिळून एक जुनी पिकअप विकत घेतली होती. पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची बैठक आणि मागे सामानासाठी उघडा हौदा असलेली गाडी. आमची गाडी 1980 च्या दशकातली होती. एका सकाळी, तापमान उणे 20 अंशांच्या आसपास असताना, तिच्या हीटरचा पंखा बंद पडला.

आपल्याकडे हीटरचा पंखा म्हणजे चैनीची वस्तू वाटेल. तिथे तसे नसते. इंजिन थंड ठेवणारे पाणी इंजिनातून फिरताना तापते. त्यातले काही गरम पाणी बैठकीपुढच्या एका लहानशा जाळीदार रेडिएटरमधून नेतात आणि त्यावरून पंख्याने हवा फेकतात. उष्णता फुकटची असते, वीज लागते ती फक्त पंख्याला. ही गरम हवा आधी समोरच्या काचेवर सोडतात. ती नसेल तर माणसाच्या श्वासातील बाष्प काचेवर आतून गोठते आणि काही मिनिटांत समोरचा रस्ता दिसेनासा होतो. म्हणजे प्रश्न केवळ थंडी वाजण्याचा नव्हता.

आम्ही दोघेही विज्ञान शिकलेले. फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग प्रयोगशाळेतून डिजिटल मल्टिमीटर आणला, मोटरचा प्लग काढला आणि प्लगच्या दोन टोकांवर मीटर लावले. मीटरने 12 व्होल्ट दाखवले. वीज मोटरपर्यंत येते आहे, मोटर फिरत नाही, अर्थात मोटर जळाली, असा निष्कर्ष आम्ही काढला. भंगारवाल्याकडून तशीच जुनी मोटर आणली, जुनी त्यालाच देऊन टाकली आणि बोटे बधिर होईपर्यंत खपून नवी बसवली. कळ दाबली. पंखा ढिम्म!

शेजारी एक निवृत्त मेकॅनिक आजोबा राहत. ते एक साधा टेस्ट लॅम्प घेऊन आले. दोन तारा जोडलेला 12 व्होल्टचा छोटा दिवा, एवढेच ते उपकरण. त्यांनी तो त्याच प्लगच्या त्याच दोन टोकांना लावला. दिवा जेमतेम लालसर झाला. मग त्यांनी एक टोक अर्थिंगवरून काढून गाडीच्या पत्र्याच्या स्वच्छ भागाला टेकवले आणि दिवा लख्ख पेटला. दोष मोटरमध्ये नव्हताच. मोटरची परतीची तार ज्या बोल्टने गाडीच्या पत्र्याला कसली होती, तो बोल्ट गंजला होता. तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा हा प्रसाद. आजोबांनी बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने घासला, तार पुन्हा कसली. पंखा फिरू लागला.

इतके महागडे मीटर खोटे बोलले आणि साधा दिवा खरे बोलला, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला कोलोन शहरातील एका शाळामास्तरांकडे जावे लागते.

मास्तरांचे सूत्र

गेओर्ग झिमोन ओहम 1817 पासून जर्मनीतील कोलोन येथील एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत उपकरणे बरी होती. त्या काळी विजेचा एकमेव स्थिर स्रोत म्हणजे व्होल्टाचा घट, आणि तोही नावापुरताच स्थिर. तार जोडली की त्याचा जोर उतरू लागे. 1825 मध्ये ओहमनी अशाच घटावर मोजमापे करून तारेची लांबी आणि विजेचा परिणाम यांच्यातील संबंध मांडला. तो चुकला.

तेव्हा एका संशोधन नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना सुचवले की, घट सोडा आणि झेबेकने नुकतेच शोधलेले तापविद्युत युग्म वापरा. बिस्मथ आणि तांबे यांचे दोन जोड करायचे, एक उकळत्या पाण्यात ठेवायचा, दुसरा बर्फात. जोवर पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे, तोवर तापमानातील फरक बदलत नाही आणि विजेचा जोरही बदलत नाही. 1826 च्या जानेवारीत ओहमनी सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वांत आखूड 2 इंचांची, सर्वांत लांब 130 इंचांची. एकेक तार जोडून त्यांनी जवळ टांगलेली चुंबकसूची किती वळते ते मोजले. आकडे एका साध्या सूत्रात बसले. विद्युतप्रवाह म्हणजे a भागिले (b + x).

यात x म्हणजे तपासायच्या तारेची लांबी, a म्हणजे स्रोताचा जोर. आणि b? पाठ्यपुस्तकातील ओहमच्या नियमात हा b बहुधा हरवतो. तपासत असलेली तार सोडून उरलेल्या संपूर्ण परिपथाचा रोध म्हणजे b. आपण एक तुकडा हातात घेऊन बसतो, पण प्रवाह किती वाहील ते सगळा परिपथ मिळून ठरवतो. ओहमच्या कामाचे मर्म इथे आहे.

1827 मध्ये बर्लिनला त्यांचे पुस्तक निघाले. त्याचे स्वागत थंडच झाले. ओहमनी कोलोनची नोकरी सोडली. 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्यांना जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 साली कॉप्ली पदक दिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव सर्वत्र झाले. 1854 मध्ये ते वारले.

आता आमचा गंजलेला बोल्ट

समजा, गंजामुळे त्या बोल्टपाशी 100 ओहमचा रोध तयार झाला होता. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. मोटर काढून तिच्या जागी मीटर लावले की परिपथात एक कोटी आणि शंभर ओहम झाले. प्रवाह इतका क्षुल्लक की त्या 100 ओहमवर एक हजारांश व्होल्टसुद्धा खर्च होत नाही. मीटर इमानाने 12 व्होल्ट दाखवते.

मोटरचा रोध, ढोबळ हिशेबासाठी, 1 ओहम धरू. ती जोडली की एकूण 101 ओहम. प्रवाह सुमारे 0.12 अँपिअर. त्यामुळे मोटरच्या वाट्याला 0.12 व्होल्ट येतात आणि उरलेले 11.88 व्होल्ट तो गंज खाऊन टाकतो. दिव्याचा रोध पेटलेला असताना सुमारे 50 ओहम असतो. त्याला चार व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणून तो जेमतेम लाल होतो.

मीटर खोटे बोलले नव्हते. त्याने आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले होते. प्रश्नच चुकीचा होता. काम चालू असताना किती व्होल्ट मिळतात, हे विचारायला हवे होते. मोटर जोडलेली ठेवूनच तिच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजले असते, तर दोष पहिल्याच मिनिटाला सापडला असता.

समुद्राच्या तळाशी

न समजता केलेल्या दुरुस्तीची आम्हांला एका मोटरची किंमत पडली. याहून फार मोठी किंमत मोजल्याचे उदाहरण इतिहासात आहे. 5 ऑगस्ट 1858 रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली तारयंत्राची केबल अटलांटिक महासागराच्या तळावर टाकून पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोहोचवायला सुमारे 16 तास लागले. संकेत अतिशय क्षीण येत होते.

कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचे ते शल्यचिकित्सक. संकेत क्षीण आहे ना, मग जोर वाढवा, असा त्यांचा उपाय. पाच फूट लांबीची प्रेरण वेटोळी लावून त्यांनी केबलवर सुमारे 2000 व्होल्टपर्यंत दाब दिला. केबलच्या आवरणात दोष आधीपासूनच होते, ते या माराने वाढले. सप्टेंबरच्या सुरुवातीला केबल मुकी झाली. दुसरीकडे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी वेगळी वाट धरली होती. कमी दाब द्यायचा आणि क्षीण प्रवाह ओळखणारे नाजूक आरसा-गॅल्व्हनोमीटर वापरायचे.

त्याच सुमारास सुएझहून एडनमार्गे कराचीला येणारी केबल 1859-60 मध्ये टाकली गेली, तीही टिकली नाही. लागोपाठच्या या अपयशांची ब्रिटनमध्ये सरकारी चौकशी झाली. केबलच्या प्रत्येक तुकड्याचा रोध मोजला पाहिजे, आणि त्यासाठी सर्वांनी मान्य केलेले एकक पाहिजे, हे उघड झाले. 1861 मध्ये ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली. 1881 च्या पॅरिस परिषदेत या एककाला ‘ओहम’ हे नाव आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाले. रोध मोजता येऊ लागल्यावर शेकडो मैल लांब केबलमध्ये दोष किती अंतरावर आहे, याचा अंदाज किनाऱ्यावर बसून करता येऊ लागला. 1866 मध्ये अटलांटिकपारची केबल यशस्वी झाली आणि 1870 मध्ये मुंबई एडनमार्गे सुएझशी जोडली गेली.

कहाणीचा उत्तरार्ध

आमच्या पंख्याची गोष्ट अजून संपलेली नाही. महिन्याभराने पंखा पुन्हा रुसला, पण या वेळी वेगळ्या प्रकारे. कळीच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या तिन्हींवर तो बंद आणि चौथ्या, सर्वांत वेगवान टप्प्यावर उत्तम चाले. या एका लक्षणात किती माहिती आहे पाहा. चौथ्यावर चालतो, म्हणजे बॅटरी, फ्यूज, मोटर, अर्थिंग सारे ठीक. कमी वेगासाठी मोटरच्या अगोदर रोधतारेची वेटोळी जोडलेली असतात. पहिल्या टप्प्यावर सर्वांत जास्त रोध, चौथ्यावर शून्य. दोष या वेटोळ्यांपाशीच असणार. या वेळी आम्ही एकही बोल्ट काढण्यापूर्वी कागदावर परिपथ काढला आणि निदान बरोबर ठरले.

पण वेटोळे जळाले का? जूलने 1841 मध्ये दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून ही वेटोळी मुद्दाम पंख्याच्या हवेच्या झोतात बसवतात. आता मोटरचा विचार करा. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी विद्युतदाब निर्माण करते आणि प्रवाहाला आवर घालते. तिचे बेअरिंग जाम झाले की ती हळू फिरते, विरोधी दाब घटतो, प्रवाह वाढतो. शिवाय हवाही कमी येते. वेटोळ्यावर दुहेरी मार. आम्ही भंगारातून आणलेली मोटर हाताने फिरवून पाहिली, ती जड फिरत होती. नुसते वेटोळे बदलले असते तर तेही जळाले असते. आमची मूळची चांगली मोटर मात्र केव्हाच विकली गेली होती!

वर्गात करून पाहण्यासाठी

टॉर्चचे दोन सेल, एक लहान बल्ब आणि 1000 ओहमचा रोधक (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो) घ्या. रोधक एका काडेपेटीत लपवून बल्बच्या होल्डरशी एकसरीत जोडा. बल्ब न लावता होल्डरवर डिजिटल मीटरने मोजा, सुमारे 3 व्होल्ट दिसतील. बल्ब लावा, तो पेटणार नाही. आता मुलांना विचारा की दोष कशात आहे. बहुतेक जण म्हणतील, बल्ब गेला. त्यांना बल्ब बदलू द्या. दुसराही पेटला नाही की मग बल्ब लावलेला असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर लावायला सांगा. व्होल्ट जवळजवळ शून्य झालेले पाहून ‘मग उरलेले गेले कुठे?’ हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. काडेपेटी तेव्हाच उघडावी, त्याआधी नको.