अर्नोकाठची छत्री

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या कळसाडीत पहिला प्रश्न विचारला जातो, "तठे काय खादं भो?" काय पाहिलं, हे नंतर. मलाही हाच विचारला गेला. प्रश्न भोळा वाटतो, पण मराठी माणसाच्या परदेशप्रवासाचा इतिहास चाळायला लागल्यावर लक्षात येते की दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न सगळ्यात धारदार होता. परदेशी काय पाहिले यावरून कुणाला जातीबाहेर टाकले जात नसे. काय खाल्ले, कुणाच्या पंगतीला बसलात, यावरून टाकले जाई.

पुण्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि ग्रामण्य पेटले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना त्याची झळ लागली, प्रायश्चित्ताची वेळ आली. आणि हा चहा तर पुण्यातलाच, बोट नाही की समुद्र नाही. याउलट मुंबईत भायखळ्याला १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांसाठी खुले झाले. त्याच्या पायऱ्या चढल्याबद्दल कुणी प्रायश्चित्त घेतल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. संग्रहालय तुमची जात विचारत नाही. ताट विचारते.

पंचहौदच्या वीस वर्षे आधी हा सगळा पेच घेऊन एक विशीचा मुलगा थेट लंडनला गेला होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. मूळचे पाटणकर घराण्यातले, १८६६ साली दत्तक आलेले. १८७० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला पोचले, सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट आणि आपली माणसे. इंग्रजीत लिहिलेली त्यांची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये वेस्टने संपादित करून लंडनला प्रसिद्ध केली. नोंदी आटोपशीर आहेत, कुठेही शब्दांची आतषबाजी नाही. आज कुणाकडे गेलो, काय पाहिले, कोण भेटले. मला ती आवडते ती त्यामुळेच. आपल्याकडच्या पुढच्या प्रवासवर्णनांत जो लेखकच प्रत्येक पुतळ्याच्या पुढ्यात उभा असतो, तो इथे नाही.

त्याच वर्षी जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. म्हणून परतीची वाट बेल्जियम, जर्मनी, टायरॉल अशी वळली. वाटेत महाराज आजारी पडले. फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा प्रकृती ढासळलेली होती आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या हॉटेलात त्यांचा अंत झाला.

फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती (१८६५ ते १८७१). राजधानीच्या शहरात एक हिंदू राजा गेलेला आणि बरोबरच्या माणसांना दहन हवे होते. दफनाची सवय असलेल्या त्या गावात हे अभूतपूर्वच. तरी परवानगी मिळाली. आपल्याकडे अंत्यविधीसाठी नद्यांचा संगम शोधतात. तिथेही तसाच सापडला. कास्चिने उद्यानाच्या टोकाला मुन्योने ही लहान नदी अर्नोला मिळते, तिथे चिता रचली गेली. १८७४ मध्ये त्या जागी चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार छत्री उभी राहिली, आत फुलर या शिल्पकाराने घडवलेला, फेटा-दागिने रंगवलेला अर्धपुतळा.

मी गेलो तेव्हा उद्यानाचा साडेतीन किलोमीटरचा पल्ला पायीच कापला. जॉगिंग करणारे, कुत्री फिरवणारे, सायकलवाले. छत्रीशी कुणी थांबत नाही, पण नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. फ्लॉरेन्सकर त्यांना नुसते 'लिंदियानो' म्हणतात, 'तो भारतीय'. जवळचा १९७८ चा पूल त्यांच्याच नावाने 'पोंते आल्लिंदियानो', आणि शेजारची जुनी इमारत 'पालाझ्झिना देल्लिंदियानो'. इथे पूर्वी कॅफे होता. परक्याच्या हातचे खाल्ले तर काय होईल, असा धाक असलेल्या समाजातला राजा, आणि त्याच्या नावाने परदेशात लोक कॉफी पीत बसले!

गावात परतून मी मध्यवर्ती बाजारात जेवलो. लोखंड आणि काचेची ही मंडईही १८७४ चीच. ताटात 'रिबोल्लिता' आली, म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळपट पाल्याची भाजी पुन्हा उकळून केलेले दाट कालवण. पाव बिनमिठाचा. खानदेशात शिळ्या भाकरीचा कुस्करा रश्शात मुरवून खातात, त्याची बहीणच ही. मला तिखट हवे होते, एवढेच.

मात्र संग्रहालय जात विचारत नाही, या माझ्याच विधानाला फ्लॉरेन्सने टाचणी लावली. राजारामांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८६९ मध्ये, पाओलो मांतेगाझ्झा यांनी तिथे मानववंशशास्त्राचे संग्रहालय स्थापले होते. पुढे ते भारतात आले, निलगिरीतल्या तोडा लोकांचा त्यांनी अभ्यास केला. संस्कृतचे प्राध्यापक आंजेलो दे गुबेर्नातिस यांनी भारतात फिरून जमवलेल्या वस्तूंचे 'म्युझेओ इंदियानो' १८८६ मध्ये काढले. त्याआधी १८७८ च्या प्राच्यविद्या परिषदेसाठी गोव्याचे डॉ. गेर्सन द कुन्हा फ्लॉरेन्सला गेले होते. ते पाहुणे म्हणून, विद्वान म्हणून. तोडा मात्र अभ्यासाचा विषय म्हणून. आदिवासीबहुल जिल्ह्यातून गेलेल्या मला काचेपलीकडचे दागिने आणि भांडी पाहताना कौतुकाबरोबर अस्वस्थही वाटले. जेवणाच्या टेबलाशी कोण बसणार, हा प्रश्न असतो. संग्रहालयात कोण पाहणार आणि कोण पाहिला जाणार, हा. दुसरा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही, कारण पाहणाऱ्यांत आपण आहोत असेच लिहिणाऱ्यांनी धरले.

छत्रीचा आराखडा करणारे मँट पुढे कोल्हापुरात बरेच काम करून गेले. तिथल्या टाऊन हॉलची इमारत त्यांचीच. आज तिथे कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय आहे. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी काशाची मूर्ती तिथे ठेवली आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रोमशी चाललेल्या व्यापारातून, समुद्र ओलांडून ती पंचगंगेकाठी आली होती.