गोव्यात कुत्र्याला फिरवण्यासाठी पाण्याकाठची जागा कशी निवडावी

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग होय. मार्च ते मे या काळातील दमट हवेत तो अपुरा पडतो. त्यामुळे फिरण्यासाठी पाण्याजवळची जागा शोधणे ही हौस नसून गरज ठरते. गोव्याला सुमारे १०५ किलोमीटरचा किनारा, मांडवी-झुवारीसारख्या नद्या, खाजनांचे बांध आणि गावोगावची तळी लाभली आहेत. मात्र जागेच्या सौंदर्यापेक्षा तेथील पाण्याचा स्वभाव आधी पाहावा.

समुद्रकिनारा

दक्षिण गोव्यात वेळसांवपासून मोबोरपर्यंतचा वाळूचा पट्टा लांब फेरफटक्यासाठी सोयीचा आहे. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली वाळू घट्ट व थंड असते. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे लक्षात घेऊन वेळ ठरवावी. दुपारची कोरडी वाळू पंजे भाजते. तिच्यावर तळहात पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यालाही तेथे चालवू नये.

तहानलेला कुत्रा समुद्राचे पाणी पितो. खारट पाणी अधिक पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात, प्रसंगी झटकेही येतात. म्हणून घरचे गोडे पाणी आणि वाटी सोबत न्यावी. किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासे, गळ व जाळ्यांचे तुकडे यांपासून त्याला दूर ठेवावे. जून ते सप्टेंबरमध्ये समुद्र खवळलेला असतो, तेव्हा कुत्र्याला पाण्यात उतरवणे टाळावे.

कासवांचे किनारे

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे साधारणपणे नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत अंडी घालतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवांचा समावेश आहे. कुत्रा वासावरून घरटे उकरू शकतो आणि एका घरट्यात साधारणपणे शंभराच्या आसपास अंडी असतात. या हंगामात तेथे त्याला नेऊच नये. फिरण्यास दुसरे किनारे आहेत, कासवांना मात्र नेमक्या याच जागा हव्या असतात.

नद्या, कालवे व खाजने

मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वास आहे. या कालव्याच्या काठी व लगतच्या खारफुटीत कुत्र्याला पाण्याजवळ मुळीच सोडू नये. सांजवेळी तर अधिकच सावध राहावे. इतरत्र खाजनांच्या बांधांवर सकाळची फेरी सुखद असते, पण बांध हे शेतीचे रक्षण करतात. तेथे कुत्र्याला माती उकरू देऊ नये व उभ्या पिकात शिरू देऊ नये.

तळी व अभयारण्ये

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. तेथे कुत्रा मोकळा सोडल्यास पक्ष्यांचे थवे विनाकारण उठतात. चोडणचे डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य व दूधसागरचा परिसर ही वन्यजीवांसाठी राखलेली क्षेत्रे असून ती पाळीव कुत्र्यांच्या फेरफटक्याच्या जागा नव्हेत. देवळांची तळी श्रद्धेची आणि अनेक ठिकाणी स्नानाची असतात, तेथेही कुत्र्याला उतरवू नये.

साचलेले पाणी

पावसाळ्यात डबकी, गटारे व भातशेतीतील पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. त्वचेवरील बारीकशा जखमेतूनही ते शरीरात शिरतात. बाधित कुत्र्याच्या मूत्रातून हा आजार घरातील माणसांपर्यंत पोहोचू शकतो. रेबीजच्या लसीबरोबर या आजाराची लसही पशुवैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. हिरवट साय धरलेले पाणीही पिऊ देऊ नये, कारण त्यातील काही शेवाळसदृश जीवाणू यकृतास घातक विष तयार करतात.

परतल्यानंतर

कुत्र्याला गोड्या पाण्याने धुवावे, कान कोरडे करावेत आणि पंजे व कानांमागे गोचीड तपासावी. किनाऱ्यावर भटक्या कुत्र्यांचे कळप आपापला भाग राखून असतात, म्हणून दोरी हातातून सोडू नये. विष्ठा उचलण्यासाठी पिशवी न्यावी. किनारा सर्वांचा आहे, हे भान राखले तरच तेथे कुत्र्याचेही स्वागत होते.