इंजेक्टर मोठा नव्हे, नेमका हवा

नागपूरहून निघून कामठी ओलांडली, की कन्हान नदीच्या पलीकडच्या तीरावर कन्हान लागते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कामठी, इंदर आणि गोंडेगाव या कोळसा खाणी याच परिसरात आहेत. जबलपूरचा जुना हमरस्ताही येथूनच जातो. खाणीतून भरून निघालेला ट्रक असो वा मनसर, देवलापारमार्गे सिवनीच्या अलीकडचा कुरई घाट चढणारा ट्रक असो. मालकाची आणि चालकाची तक्रार बहुधा एकच असते. गाडी ओढत नाही. त्यावर सुचवला जाणारा उपायही ठरलेला असतो : मोठ्या नोझलचे इंजेक्टर बसवा आणि डिझेल वाढवा. हा उपाय दिसतो तितका सरळ नाही. इंजेक्टरची निवड चुकली, तर ओढ वाढण्याऐवजी पिस्टन, टर्बो आणि पर्यायाने संपूर्ण इंजिन हातचे जाऊ शकते. हप्त्यावर घेतलेल्या ट्रकच्या मालकासाठी याचा अर्थ दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेल्या फेऱ्या असा दुहेरी असतो.

दीड थेंबाचा हिशेब

इंजेक्टरचे काम ठरावीक इंधन, ठरावीक क्षणी, सूक्ष्म फवाऱ्याच्या रूपात ज्वलनकक्षात सोडण्याचे असते. हे प्रमाण किती सूक्ष्म असते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. सहा सिलिंडरचे, १८० अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर पूर्ण भाराखाली चालले, तर त्याला तासाला साधारण ३३ लिटर डिझेल लागते. प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन सोडले जाते. त्यानुसार हिशेब केल्यास एका वेळी सुमारे ७३ घनमिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या जेमतेम दीड थेंबाएवढे डिझेल येते. ते सोडण्यासाठी मिळणारा अवधी सेकंदाच्या सुमारे दोन हजारांश भागाएवढा असतो.

नोझलच्या छिद्राचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला, तर छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. छिद्रे मिलिमीटरच्या काही दशांश किंवा त्याहूनही कमी व्यासाची असल्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाला मात्र तो तत्काळ जाणवतो.

शक्ती हवेतून येते

इंधन जळण्यासाठी प्राणवायू लागतो. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास तत्त्वतः सुमारे १४.५ किलो हवा पुरते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण समान होत नाही. त्यामुळे हे प्रमाण १८ ते २० च्या खाली घसरले, की जुन्या पद्धतीच्या इंजिनांतून काळा धूर येऊ लागतो. हा धूर म्हणजे अर्धवट जळालेले, मालकाने पैसे मोजून भरलेले डिझेल होय. टर्बोचार्जर हवा दाबून आत पाठवतो, म्हणूनच त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. परंतु टर्बो जेवढी हवा देतो, त्यापुढे वाढवलेल्या इंधनाचे रूपांतर शक्तीत न होता उष्णतेत आणि धुरात होते. बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान वाढते, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पिस्टन तापतात आणि टर्बोच्या पात्यांवरही ताण येतो.

विदर्भात या हिशेबाला उन्हाळ्याची जोड द्यावी लागते. पारा ४५ अंशांवर गेला, की हवा विरळ होते. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानात सुमारे ९ टक्के हवा कमी भरते. मे महिन्यात ट्रक ओढत नसल्यास दोष इंजेक्टरचाच असेल, असे नाही. धुळीने भरलेला एअर फिल्टर, गळका होज पाइप किंवा बुजलेला इंटरकूलर हीदेखील कारणे असू शकतात. कोळशाची धूळ उडणाऱ्या रस्त्यांवर तर ही तपासणी प्रथम व्हावयास हवी.

पंपाची गाडी आणि कॉमन रेलची गाडी

जुन्या ट्रकांत इंधनाचे माप पंप ठरवतो आणि साधारण २०० ते २५० बार दाबाला नोझल उघडते. अशा गाडीत केवळ मोठे नोझल बसवल्याने डिझेल फारसे वाढत नाही. तेवढेच डिझेल कमी वेळात आणि जाडसर फवाऱ्याने पडते. डिझेल वाढवायचे, तर पंपाचीच मांडणी बदलावी लागते.

कॉमन रेल पद्धतीत चित्र वेगळे असते. तेथे १६०० बार व त्याहूनही अधिक दाबाचे डिझेल सर्व इंजेक्टरांसाठी एका नळीत तयार असते आणि गाडीचा संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ते ठरवतो. मोठे इंजेक्टर लावले आणि संगणकाला त्याची माहिती दिली नाही, तर मंद गतीपासून पूर्ण भारापर्यंत प्रत्येक टप्प्यावर जादा इंधन जाते. देशभरात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या वाहनांत धुराचे कण अडवणारी गाळणीही असते. जादा इंधनाच्या काजळीने ती लवकर तुंबते.

रोटरी इंजिनाचा धडा

डिझेल इंजिनात जादा इंधन घातक ठरते, तर पेट्रोलच्या टर्बो इंजिनात अपुरे इंधन घातक ठरते. याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार. १९९१ ते २००२ या काळात तयार झालेल्या तिच्या तिसऱ्या पिढीत पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर आणि दोन टर्बो होते. रोटरी इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमागे एक ज्वलन होते. त्यामुळे मिनिटाला ८००० फेऱ्यांवर इंधन सोडण्याचे एक आवर्तन अवघ्या ७.५ मिलिसेकंदांचे असते. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात ते १५ मिलिसेकंदांचे असते. इंधन कमी पडले, की ज्वलन अकाली आणि स्फोटक होते. रोटरच्या टोकांवरील सील तुटतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

माझदाने या कारला मिनिटाला ५५० घनसेंटिमीटर क्षमतेचे दोन आणि ८५० क्षमतेचे दोन, असे चार इंजेक्टर दिले होते. मंद गतीत लहान इंजेक्टर नेमके माप देतात आणि भार वाढला, की मोठे त्यांच्या मदतीला येतात. चारही मिळून क्षमता २८०० होते. दर अश्वशक्तीमागे तासाला २७० ग्रॅम पेट्रोल धरले आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांहून अधिक वेळ उघडा ठेवायचा नाही, हा नियम पाळला, तर ३५० अश्वशक्तीला सुमारे २५०० क्षमता लागते. तेथे मूळ इंजेक्टर पुरतात. ४५० अश्वशक्तीला मात्र सुमारे ३२५० क्षमता लागते आणि बदल अपरिहार्य ठरतो. सांगायचा मुद्दा एवढाच, की तेथेही आधी अपेक्षित शक्ती, मग हवा, मग इंधन आणि सर्वांत शेवटी इंजेक्टर असाच क्रम असतो.

निवडताना काय पाहावे?

ट्रक किंवा टर्बो डिझेल जीप वापरणाऱ्यांसाठी पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

मूळ भाग क्रमांक : इंजिनाच्या प्रकारानुसार उत्पादकाने दिलेल्या क्रमांकाचाच इंजेक्टर व नोझल घ्यावे. दिसण्यास सारख्या नोझलांची छिद्रे, त्यांची संख्या आणि फवाऱ्याचा कोन वेगळा असू शकतो. पूर्वी मायको या नावाने परिचित असलेल्या आणि २००८ मध्ये बॉश हे नाव धारण केलेल्या कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात इंजेक्टर व नोझल तयार होतात. त्यामुळे अस्सल माल दुर्मीळ नाही; पावती आणि वेष्टन तपासून घ्यावे.

चाचणी : नवा असो वा दुरुस्त केलेला, प्रत्येक इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासून घ्यावा. उघडण्याचा दाब, गळती, फवाऱ्याचा आकार आणि परत जाणारे डिझेल यांच्या नोंदी मागाव्यात. सर्व इंजेक्टरांचे माप एकमेकांशी जुळणे आवश्यक आहे. एकाच सिलिंडरला जादा डिझेल गेले, तरी तो पिस्टन धोक्यात येतो.

संगणकीय नोंद : अनेक कॉमन रेल इंजेक्टरांवर प्रत्येकाचा स्वतंत्र संकेतांक असतो. तो गाडीच्या संगणकात भरल्याशिवाय बदल पूर्ण होत नाही.

बसवणी : इंजेक्टरखालील तांब्याचा वॉशर दर वेळी नवा आणि योग्य जाडीचा घ्यावा. जुन्यावर दुसरा वॉशर टाकल्यास नोझलची उंची बदलते व फवारा चुकीच्या जागी पडतो.

इंधनाची स्वच्छता : इंजेक्टरच्या सुईभोवतीची फट काही मायक्रॉनचीच असते. त्यामुळे नवे इंजेक्टर लावताना डिझेल फिल्टर बदलावा, टाकीतील गाळ व पाणी काढावे. पावसाळ्यात फिल्टरखालील पाणी नियमित सोडावे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंधन वाढवल्यास धुराच्या तपासणीत वाहन नापास होण्याची शक्यता असते आणि उत्पादकाची हमीही धोक्यात येते.

म्हणून गाडी ओढेनाशी झाली, तर प्रथम हवेचा मार्ग, मग टर्बोचा दाब, त्यानंतर डिझेल फिल्टर आणि शेवटी इंजेक्टर तपासावेत. झिजलेले इंजेक्टर काढून मूळ मापाचे, जुळवून घेतलेले इंजेक्टर लावले, तरी हरवलेली ओढ पुष्कळदा परत मिळते. त्याहून अधिक शक्तीची गरज रोजचीच असेल, तर मोठे नोझल शोधण्यापेक्षा मालाच्या वजनाला साजेशी गाडी निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते.